सोबत कोण आहे?

"नाव नाही हं लिहायचं, मॅडम. काम लिहा. आज इथे सगळ्यांची ओळख कामाने," दाराशी बसलेल्या मुलीने मार्कर पुढे केला. मी गोल स्टिकरवर 'ड्रायव्हिंग शिकवते' असं लिहिलं आणि छातीवर चिकटवलं. ते लगेच सुटलं. पुन्हा दाबून बसवलं, पुन्हा सुटलं. शेवटी पर्समधली टाचणी काढून टोचलं. मनात म्हटलं, सुरुवातच अशी, पुढे काय दिवे लागणार ते दिसतंच आहे.

हॉटेलच्या तळघरातला हॉल. भिंतीवर भलामोठा फलक, 'एकटी आहे, एकाकी नाही!' खाली बारीक अक्षरांत 'एकट्या कमावत्या स्त्रियांचा मेळावा'. हॉलभर बायका, सगळ्या कशा टापटीप, आणि प्रत्येकीच्या हातात कार्डांची गड्डी. एसी असा की दातावर दात वाजावेत. मी असल्या ठिकाणी जाणारी बाईच नव्हे. अर्धं आयुष्य शेजारच्या सीटवर बसून लोकांना क्लच सोडायला शिकवण्यात गेलं. पायाशी एक जास्तीचा ब्रेक आणि तोंडात एकच वाक्य, "आरसा बघा आधी, आरसा!" एवढाच माझा पसारा. पण मला एक माणूस हवं होतं. गुरुवारपुरतं. म्हणून गेले.

सांगते. माझ्या पित्ताशयात खडे झालेत. "इतकी वर्षं लोकांवरचा राग गिळलास, दगड नाही होणार तर काय होणार," असं भाऊ परदेशातून फोनवर म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. दोनदा अशी कळ आली की स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी झाले, आणि कळ ओसरल्यावरही कितीतरी वेळ उठले नाही, कारण उठून तरी कोणाला सांगणार होते? डॉक्टर म्हणाले, खडा नळीत अडकला तर जिवावर बेतेल, काढून टाकू. म्हटलं, काढा बाबा.

तर गेल्या महिन्यात ठरल्या दिवशी उपाशीपोटी, हातात पिशवी घेऊन एकटीच गेले. त्यांनी तो मागून उघडा झगा घालायला दिला, हाताला सुई लावली, आणि मग काउंटरवरच्या नर्सबाईने विचारलं, "सोबत कोण आहे?"

"कोणी नाही. मीच आहे."

"अहो ताई, भूल देणार आहेत. शुद्ध येईपर्यंत जवळचं माणूस लागतं बाहेर. त्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत."

ती बाई वाईट नव्हती. मी फोनवर फोन लावत होते तोवर ती थांबली. मग तिने सुई काढली, कापूस दाबून धरला आणि म्हणाली, "कोणाला तरी घेऊन या हो." मी झगा काढला, कपडे घातले, टॅक्सीत बसले आणि रडले. माझ्यासारखी बाई! विद्यार्थी रडायला लागला तर मी गाडी बाजूला घ्यायला लावते आणि म्हणते, झालं का, आता पहिला गिअर टाका. मला असं म्हणणारं त्या टॅक्सीत कोणी नव्हतं.

नवी तारीख मिळाली, आणि मी माणूस शोधायला लागले. भाऊ म्हणाला, "रजा नाही गं, पण पुढच्या वर्षी येतोय ना आम्ही." जणू खडा पुढच्या वर्षापर्यंत दम धरून बसणार होता. शाळेपासूनची मैत्रीण म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते," ती अजून विचारतेच आहे. शेजारच्या काकू लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. पैसे टाकून बाई मिळते हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण भाड्याने माणूस आणायचं? त्यापेक्षा खड्यासकट मेलेली बरी. आपल्यासाठी आपणहून उठून येईल असं एक माणूस एवढ्या आयुष्यात मी कमावलं असेल, असं मला वाटत होतं हो. सगळा हट्ट तेवढ्यासाठी होता.

बँकेत काम करणारी एक मुलगी तेव्हा माझ्याकडे रिव्हर्स शिकत होती. तिने या मेळाव्याचं सांगितलं. "मॅडम, सगळ्या आपल्यासारख्याच. एकमेकींसाठी इतक्या धावून जातात ना!" धावून जातात. तो शब्द माझ्या डोक्यात जो बसला तो उठेना.

आमच्या टेबलावर एक वकील, एक विमावाली, एक श्वसनाचे वर्ग घेणारी, एक आर्किटेक्ट, आणि मी. सगळ्यांनी कार्डं वाटली. माझ्याकडे कार्ड नव्हतं, तर मी सगळ्यांची घेत सुटले. मग माईकवरच्या बाईंनी घंटी वाजवली आणि नियम सांगितले. 'देणं-मागणं' म्हणे. प्रत्येकीने उभं राहायचं, आपण काय देऊ शकतो ते सांगायचं, मग आपल्याला काय हवंय ते मागायचं. जिला ते देता येईल तिने रुमाल वर करायचा. "लाजायचं नाही! मागितल्याशिवाय आईसुद्धा जेवायला वाढत नाही!" बाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. माझी आई वाढायची. न मागता, भूक नसताना, वर आग्रह करून. पण ते असो.

सुरुवात झाली. एकीने एक तास फुकट कर-सल्ला देऊ केला आणि नवे ग्राहक मागितले. फडफड रुमाल वर. दुसरीला निर्यात खात्यात ओळख हवी होती. रुमाल. तिसरीला रस्त्यालगतचा गाळा. रुमाल, आणि वर शिट्टी. मला वाटलं, अरे, खरंच की! इथे मागितलं की मिळतं. बँकवाल्या मुलीने मला पढवून पाठवलं होतं की बायकांची सकाळची बॅच मागा. तेच घोकत बसले होते. पण उभी राहिले, हातात माईक आला, आणि काय झालं कोण जाणे.

"देणं असं, की कितीही भित्री बाई असू दे, तिला भर बाजारातून गाडी काढायला शिकवीन. आणि मागणं..." मी थांबले. "गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. सकाळपासून मला शुद्ध येईपर्यंत बाहेर खुर्चीवर बसायला एक माणूस हवंय. बाकी काही करायला नको. नुसतं बसायचं."

एसीचा आवाज एवढा मोठा असतो हे मला तेव्हा कळलं. एकही रुमाल हलला नाही. धंद्याचं मागणं मागायच्या जागी मी माणूस मागून बसले होते, आणि ही चूक आहे हे माझ्याखेरीज हॉलमधल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. माईकवरच्या बाई सावरल्या. "वा! किती धीट मागणं! जोरदार टाळ्या होऊन जाऊ देत!"

झाल्या की टाळ्या. कडकडून झाल्या. टाळ्या मिळाल्या, माणूस नाही मिळालं.

चहाच्या वेळेला मात्र एकेक जवळ आली. विमावालीने विचारलं, "कव्हर किती आहे तुमचं?" वकील खालच्या आवाजात म्हणाली, "घाबरवत नाही हं, पण मृत्युपत्र करून ठेवलेलं बरं असतं आपल्यासारख्यांनी." श्वसनवालीने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "खडे म्हणजे न बोललेल्या गोष्टी असतात." मी म्हटलं, "बोलले की आत्ता माईकवर, विरघळले असतील." ती हसली नाही. मला त्यांचा राग आला नाही, खरंच. रस्त्यात अपघात झाला की गाड्या कशा हळू होतात, माना वळतात, आणि मग वेग धरतात, तसं चाललं होतं. प्रत्येकीच्या डोळ्यांत मला दिसत होतं, ती मनातल्या मनात आपल्या गुरुवारी कोण येईल ते आठवून बघत होती. ज्यांना कोणी आठवलं नाही त्या लवकर निघून गेल्या.

मी पर्स उचलली, तेवढ्यात मागून आवाज आला. "मी येते."

आर्किटेक्ट. तोंडात सँडविच, हातात दुसरं. "गुरुवारी ना? येते मी. मघाशी रुमालाने मेयोनीज पुसत होते, वर काय करणार कपाळ!"

मी एवढी हसले की पोटात कळ आली.

तिने मला घरी सोडलं. तिची गाडी, ती चालवतेय, मी शेजारी. वळणावर माझा उजवा पाय सवयीने दाबला गेला, जिथे ब्रेक नव्हता तिथे. पुन्हा पुढच्या वळणावर. तिने बघितलं.

"अगं, भोक पाडून पाय बाहेर काढशील माझ्या गाडीच्या!"

"तू आरसा बघत नाहीस."

"बावीस वर्षं चालवतेय, बाई!"

"बावीस वर्षं आरसा बघितला नाहीस मग."

केव्हा अगं-तुगं झालं कळलंच नाही. माझ्या इमारतीखाली गाडी उभी करून ती बोलत बसली. गेल्या वर्षी ताप आला तेव्हाचं सांगितलं. पाण्याचा पेला पलंगापासून हातभर लांब होता, आणि तो हातभर पार करायला तिला दुपार लागली. "आपल्यासारख्यांनी एकमेकींना धरून राहायला हवं गं. गुरुवारी सकाळी तुझ्या दाराशी हजर. घाबरू नकोस अजिबात." माझ्या खांद्यावर तिने थाप मारली. खांद्यावर कोणाचा हात पडून किती काळ लोटला होता, ते मला त्या थापेने कळलं.

पुढचे दिवस मी हवेत होते. वयाला शोभत नाही, पण होते. हॉस्पिटलातून फोन आला, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, "मैत्रीण आहे." त्यांनी ऐकलं होतं, तरी पुन्हा सांगितलं, "मैत्रीण येणार आहे माझी." घर झाडलं. एक्स्ट्रा उशीला नवा अभ्रा घातला, न जाणो रात्री थांबली तर. एका विद्यार्थ्याने गाडी दुभाजकावर चढवली तेव्हा चक्क म्हटलं, "होतं हो असं." बिचारा माझ्याकडे बघतच राहिला.

बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला. मागे कसलीतरी घरघर चालली होती.

"अगं ऐक ना. कसं सांगू तुला. उद्याच माझ्या साइटवर स्लॅब टाकतायत. तीन आठवडे रखडला होता, आज अचानक काँक्रीटवाला तयार झाला. स्लॅबच्या दिवशी मला साइट सोडता येत नाही गं, एक सळई इकडची तिकडे झाली तर वरची माणसं..."

"नाही नाही," मी म्हटलं. "स्लॅब म्हणजे स्लॅब."

"तू पुढची तारीख घेतेस का?"

"बघते."

"नको, थांब, पुढे नको ढकलूस, जिवाशी खेळ नको. मी सोय करते. एक एजन्सी आहे, माझ्या मावशीच्या वेळी घेतली होती, इतक्या चांगल्या बायका असतात ना! मी भरते सगळं, तू एका शब्दाने बोलायचं नाहीस. रागावलीस?"

"छे गं."

"खरं सांग."

"अगं, खरंच नाही. स्लॅब सांभाळ तू."

खोटं नव्हतं ते. रागावले नव्हते हे खरं, पण राग परवडला असता. राग आला की माणूस भांडी आपटतो, भावाला फोन करून दोन शब्द सुनावतो, तरी मोकळा होतो. मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. तिचं काही चुकलं नव्हतं. कोणाचंच काही चुकलं नव्हतं, हेच तर सगळं दुखणं होतं. प्रत्येकाकडे आपापला स्लॅब होता. मी कोणाचाच स्लॅब नव्हते. ज्याच्यासाठी दुसरं सगळं बाजूला ठेवावं, असं मी या जगात कोणाचं काही नव्हते, आणि आता पन्नाशीला ते होण्यासारखंही नव्हतं. अंधार झाला तरी दिवा लावायला उठले नाही.

सकाळी दार वाजलं. तिशीतली बाई, अंगात स्वेटर, खांद्याला पिशवी. तिने माझ्या हातातली पिशवी न विचारता काढून घेतली.

"नमस्कार मॅडम. सगळं घेतलंत? रिपोर्ट? गॅस बंद? चला." टॅक्सीत बसल्यावर तिने कामाचं विचारलं. "तिथे कोण सांगू मी? बहीण सांगते, चालेल? मैत्रीण म्हटलं की हजार प्रश्न विचारतात. बहीण म्हटलं की गप्प बसतात."

"कायम बहीणच असतेस?"

"वयावर असतं. आज्जी असली की सून होते. सून झालं की आज्ज्या खूश होतात, मग शिव्या घालायला लागतात." ती हसली. मग म्हणाली, "घरात काय म्हणतात तुम्हाला? म्हणजे लाडाने. मॅडम म्हटलं तर ओळखतील ना ते."

आई गेल्यापासून ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं. भाऊसुद्धा आता 'ऐक' म्हणूनच सुरू करतो. ते न सांगता काहीतरी दुसरं सांगावं असंही वाटलं. पण वेळेवर सुचलं नाही.

"चिमी," मी म्हटलं.

"चिमीताई. छान आहे की."

काउंटरवर तीच बाई होती. तिने मला ओळखलं. "सोबत कोण आहे?" विचारताना तिचा आवाज जरा जपून होता.

"मी आहे ना," माझ्या मागून आवाज आला. "धाकटी बहीण. आमच्या चिमीताईला ना, दुखलं तरी सांगायची सवय नाही. गेल्या वेळी एकटीच आली होती, आम्हाला कळू दिलं नाही हिनं."

किती सफाई! काउंटरवरची बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा, एवढी चांगली बहीण असून गेल्या वेळी उगाच हाल करून घेतलेत." मी मान डोलावली. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. खोटं आहे, ठरवून आहे, दुसऱ्याने पैसे भरून आणलेलं आहे, सगळं ठाऊक होतं. तरी ते ऐकायला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची इतकी लाज वाटली की झगा घालताना मी तिच्याकडे बघितलं नाही. तिने पाठीमागच्या नाड्या बांधल्या. घट्ट झाल्या का विचारलं. सैल केल्या.

मग पांढरे दिवे, मास्क, कोणीतरी म्हणालं आकडे मोजा.

जाग आली ती आधी कानांना. चाकांचा आवाज, दूर कोणीतरी खोकत होतं. डोळे उघडले नाहीत. पोटात जड, जिभेला कोरड. आणि उजव्या मनगटावर एक हात. कोमट, जरा खरखरीत. मध्येच दुसऱ्या हाताने ओला कापूस माझ्या ओठांवरून फिरायचा.

नर्स आली असावी. "उठल्या नाहीत का अजून?"

"नाही हो. आता येईल शुद्ध म्हणाले डॉक्टर."

"शुद्धीवर आल्या की मला सांग आणि जा तू. रात्रीची नर्स असतेच."

"हो. तोवर बसते मी."

पावलं लांब गेली. मी जागी होते. चांगली जागी. आणि मी डोळे मिटूनच ठेवले.

का, ते मला कोणी विचारू नये. विचारलं तर सांगते. डोळे उघडले असते तर तो हात गेला असता. तेवढंच. मी श्वास संथ ठेवला, पापण्या हलू दिल्या नाहीत. आयुष्यभर लोकांना सांगत आले, डोळे उघडे ठेवा, समोर बघा. आणि आता एका अनोळखी बाईला फसवत पडले होते, तिचा पगारी हात अजून थोडा वेळ मिळावा म्हणून. माझ्या जागी दुसरं माणूस असतं तर मी म्हटलं असतं, काय ही वेळ आली बाई हिच्यावर! पण लाज वाटायला जी ताकद लागते ती भुलीत गेली होती. कापूस पुन्हा फिरला. किती वेळ गेला देव जाणे. खिडकीकडचा उजेड पापण्यांवरून कमी होत गेला.

मग तिचा फोन वाजला. तिने तो घाईने दाबला आणि पुटपुटत बोलायला लागली. हात मात्र मनगटावरच होता.

"आई, अगं नको दार वाजवूस. कुलूप बाहेरून लावलंय मीच. तू बाहेर पडतेस ना, म्हणून... नाही, चोर नाही कोणी. मी आहे, मी. धाकटी... हो, येते. बाई अजून उठल्या नाहीत गं, उठल्या की लगेच निघते. रडू नकोस. अंधार झालाय तर बटण दाब ना, दारामागे आहे... दारामागे, आई. उजवीकडे."

फोनमधून म्हातारीचा आवाज मला ऐकू येत होता. शब्द नाहीत, नुसता आवाज.

मी डोळे उघडले.

"आले गं शुद्धीवर," मी म्हटलं. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं, "जागी आहे मी. नीघ तू."

ती दचकून उभी राहिली. मनगटावरचा हात निघाला. "बरं वाटतंय ना? नर्सना सांगते मी. पाणी लगेच नाही द्यायचं म्हणाल्यात." तिने चष्मा माझ्या उशाशी ठेवला, फोन ठेवला, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं, पिशवी खांद्याला लावली. सगळं भराभर, पण नीट.

"आई वाट बघतेय ना. टॅक्सी कर," मी म्हटलं.

"ऐकलंत होय?" ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं की नाही ते मला कळलं नाही. "काळजी घ्या मॅडम," ती म्हणाली आणि गेली.

नर्स आली. तिने माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "बहीण गेली वाटतं?"

"हो," मी म्हटलं. "घरी आई एकटी आहे."